फुटबॉल मॅनेजरमध्ये हुशार कोच सुटतो आणि सुमार कोच टिकतो, ते का?

"क्लबचा सगळ्यात चांगला फिटनेस कोच करार संपला म्हणून ३० जूनला निघून गेला. त्याच आठवड्यात क्लबनं साठीच्या एका सुमार कोचला तीन वर्षांचा, वर पगारवाढीसकट करार दिला. असं कोण करतं?"

सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला खोली घेऊन इंजिनिअरिंग शिकणाऱ्या एका पोरानं मला हे विचारलं. फुटबॉल मॅनेजर हा गेम मन लावून खेळणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. बहुतेक जण "गेमच बिनडोक आहे" म्हणतात आणि पुढचा सामना सुरू करतात. मला ते उत्तर पुरेसं वाटत नाही. नीट उलगडून पाहिलं तर त्यातला प्रत्येक जण आपल्यापुरता बरोबरच वागलेला असतो. एकानं तारीख बघितली, दुसऱ्यानं पगाराची मर्यादा पाळली, तिसऱ्यानं स्वतःचं नाव किती मोठं झालंय ते बघून पैसे मागितले. या सगळ्यांची बेरीज करून क्लबला काय मिळतंय, हे मात्र कोणीच पाहिलं नाही. म्हणून निकाल वेड्यासारखा दिसतो.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात तुम्ही चेंडूला लाथ मारत नाही. तुम्ही संघाचे मॅनेजर असता. कोणाला घ्यायचं, कोणाला विकायचं, कोणती रचना लावायची, सरावात काय करायचं, हे सगळं तुम्ही ठरवता आणि सामना कॉम्प्युटर खेळून दाखवतो. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोन इंग्लिश भावांनी १९९२ साली चॅम्पियनशिप मॅनेजर या नावानं याची सुरुवात केली. पुढं प्रकाशकाशी फारकत झाली, जुनं नाव तिकडंच राहिलं आणि २००४ च्या नोव्हेंबरपासून त्यांच्या स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह कंपनीचा गेम फुटबॉल मॅनेजर म्हणून येऊ लागला. २००६ मध्ये सेगानं ती कंपनीच विकत घेतली. यातला खेळाडूंचा माहितीसाठा इतका मोठा आहे की २००८ साली एव्हर्टन या इंग्लिश क्लबनं नवीन खेळाडू शोधायला तो वापरण्याचा करार केला होता.

आपल्याकडं फुटबॉल म्हटलं की पन्नासेक किलोमीटरवरचं कोल्हापूर आठवतं. शाहू स्टेडियम, पाटाकडील, दिलबहार हे तालमींचे संघ, पेठापेठांमधली चुरस. विजय हजारेंची सांगली मात्र पिढ्यानपिढ्या क्रिकेटची. तरीही इथली पोरं इंग्लंडच्या चौथ्या पाचव्या श्रेणीतला एखादा क्लब घेऊन त्याला वर काढण्यात रात्री घालवतात, आणि त्यांना त्या क्लबचा फिजिओ कोण आहे हेही माहीत असतं. याचं मला खरंच कौतुक वाटतं. कारण फुटबॉल क्लब म्हणजे नुसते अकरा खेळाडू नव्हेत, त्यांच्यामागं पंचवीस तीस माणसांचा कारखाना असतो, हे या गेमइतकं स्पष्ट टीव्हीवरचा सामना कधीच दाखवत नाही.

त्या कारखान्यात असतात असिस्टंट मॅनेजर, वेगवेगळे कोच, गोलकीपर कोच, फिजिओ, स्पोर्ट्स सायंटिस्ट, नवे खेळाडू हेरणारे स्काउट, डेटा अॅनालिस्ट, तरुण खेळाडूंचं बघणारा हेड ऑफ यूथ डेव्हलपमेंट, आणि या सगळ्यांच्या वर बऱ्याच क्लबांत भरती आणि करार बघणारा डायरेक्टर ऑफ फुटबॉल, म्हणजे खेळणाऱ्यांच्या तोंडचा डीओएफ. प्रत्येकाच्या नावापुढं १ ते २० मध्ये गुण असतात. कोच असेल तर आक्रमण, बचाव, तंत्र, फिटनेस शिकवण्याचे गुण, शिवाय जिद्द, शिस्त, प्रेरणा देण्याची ताकद. स्काउट असेल तर खेळाडूची आजची कुवत ओळखण्याचे आणि उद्याची कुवत ओळखण्याचे वेगळे गुण. हे आपल्याला दिसतात. पडद्याआड आणखी काही आकडे असतात, ते गेमसोबत मिळणाऱ्या एडिटरमध्ये उघडून बघता येतात. २०० पैकी एकूण क्षमता, १०,००० पर्यंत जाणारी प्रतिष्ठा, आणि निष्ठा, महत्त्वाकांक्षा, व्यावसायिकपणा असे स्वभावाचे गुण. आपला सगळा घोळ या दुसऱ्या गटात आहे. क्षमता म्हणजे माणसाला काम किती येतं. प्रतिष्ठा म्हणजे जगाला त्याचं नाव किती माहीत आहे. हे दोन आकडे एकमेकांच्या जवळ असतीलच असं नाही. एखादा जुना नावाजलेला खेळाडू कोच झाला तर त्याची प्रतिष्ठा आभाळाला टेकलेली असते आणि शिकवण्याचा गुण ९. उलट छोट्या क्लबात घाम गाळणाऱ्या तिशीतल्या कोचचा गुण १७ असतो आणि त्याचं नाव शेजारच्या गावालाही माहीत नसतं.

आता गंमत बघा. समजा तुम्ही आणि मी मिळून स्टाफचे करार बघणारा एक छोटासा कॉम्प्युटर डायरेक्टर बनवतोय. खऱ्या गेमचे नियम याहून गुंतागुंतीचे असतात, पण तत्त्व कळायला आपल्याला चारच नियम पुरतील. करार संपायला सहा महिन्यांपेक्षा कमी उरले की त्या माणसाची फाइल उघड. त्याची एकूण क्षमता १०० किंवा त्याहून जास्त असेल तर ठेव, नाहीतर जाऊ दे. पगार त्याच्या प्रतिष्ठेकडं बघून ठरव. आणि बोर्डानं, म्हणजे क्लबच्या संचालक मंडळानं, ठरवलेल्या आठवड्याला १,२०० पौंडांच्या वर कोणालाही जाऊ नकोस. चारही नियम वाचले तर कोणालाच खोट काढता येणार नाही. एखाद्या संस्थेच्या सेवानियमांत शोभतील असे आहेत.

जानेवारी उजाडला आणि तीन फाइली उघडल्या असं समजू.

पहिली फिटनेस कोचची. वय ३३. फिटनेस शिकवण्याचा गुण १७, जिद्द १६, शिस्त १६. पण त्याला डावपेच शिकवता येत नाहीत, गोलकीपरला तर काहीच सांगता येत नाही, तिथं ३ आणि ४ गुण. सगळ्यांची मिळून एकूण क्षमता ९६ भरली. आपल्या नियमानं त्याला जाऊ दिलं. तो ज्या कामासाठी होता त्या कामात क्लबमध्ये त्याच्या तोडीचा कोणी नव्हता, पण नियमानं त्याचं काम बघितलंच नाही, सगळ्या विषयांची गोळाबेरीज बघितली.

दुसरी फाइल ६१ वर्षांच्या जुन्या कोचची. एकेकाळी देशाकडून खेळलेला. सगळ्या विषयांत ९, १०, १०, ११. कशातच वाईट नाही आणि कशातच चांगला नाही. एकूण क्षमता १०८. नियमात बसला. प्रतिष्ठा मोठी म्हणून पगारही वाढवून मिळाला, आठवड्याला १,१०० पौंड. १,२०० च्या आत असल्यामुळं बोर्डाचीही हरकत नाही. तीन वर्षांचा करार.

तिसरी फाइल असिस्टंट मॅनेजरची. क्षमता १४२, क्लबमधला सर्वोत्तम माणूस. गेल्या दोन हंगामांत क्लब दोनदा वरच्या श्रेणीत गेला, त्याबरोबर त्याचंही नाव झालं. तो आता १,४०० मागतोय. मर्यादा १,२०० ची. बोलणी फिसकटली.

मग जून संपल्यावर असिस्टंटची जागा रिकामी दिसली, तेव्हा डायरेक्टरनं दुसऱ्या क्लबातून ११८ क्षमतेचा माणूस आणला. त्याचा पगार १,१५०, म्हणजे मर्यादेत. पण तो दुसरीकडं करारात होता म्हणून त्याच्या क्लबला ६०,००० पौंड भरपाई द्यावी लागली. आता हिशोब मांडा. जुन्या असिस्टंटला १,४०० दिले असते तर मर्यादेपेक्षा आठवड्याला २०० पौंड जास्त गेले असते, वर्षाला १०,४००. ते वाचवण्यासाठी एकरकमी ६०,००० गेले. म्हणजे जवळजवळ पावणेसहा वर्षांची वाढ एका दिवसात दिली, आणि हातात आला आधीपेक्षा कमी कुवतीचा माणूस. एकाही नियमाचा भंग झालेला नाही. पगाराचा आकडा एका खात्यात होता, भरपाईचा दुसऱ्या खात्यात, आणि दोन्ही खाती समोरासमोर ठेवून बघा असं सांगणारा नियमच आपण लिहिला नव्हता.

मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं. गेममध्ये "बिनडोक निर्णय" म्हणून जे जे दिसतं, त्यातलं बरंचसं याच तीन फाइलींपैकी एकीत बसतं. एकाच विषयातला तज्ज्ञ सरासरीत मार खातो. नाव मोठं असलेला माणूस कामाच्या मानानं महाग पडतो. आणि क्लबबरोबर मोठा झालेला माणूस क्लबच्याच मर्यादेत मावेनासा होतो.

आता यातला कोणता निर्णय नक्की कोणाचा, हे बघू. गेममध्ये जबाबदाऱ्या वाटून देण्याचा एक पडदा, म्हणजे स्क्रीन, असतो. स्टाफची भरती कोण करणार, करार कोण वाढवणार, नको असलेल्याला कोण काढणार, अशा एकेका कामापुढं नाव निवडायचं असतं. तुम्ही क्लबात रुजू होता तेव्हा यातली बरीच कामं डीओएफच्या नावावर असू शकतात. खेळाच्या धांदलीत तो पडदा कोणी उघडत नाही. मग जूनमध्ये कोच गेला की वाटतं गेमनं परस्पर काढून टाकला. प्रत्यक्षात ते काम तुमच्याच सहीनं दुसऱ्याकडं गेलेलं असतं. आणि डीओएफ हासुद्धा गेममधला एक माणूसच आहे, त्यालाही गुण आहेत, स्वभाव आहे. दुबळ्या गुणांचा डीओएफ दुबळ्या माणसांना करार देतो, यात नवल नाही.

अर्थशास्त्रात या गोष्टीचा मोठा अभ्यास झालेला आहे. मायकल जेन्सन आणि विल्यम मेकलिंग या दोघांनी १९७६ साली यावर लिहिलेला लेख आजही व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवला जातो. पैसा एकाचा आणि निर्णय दुसऱ्याच्या हातात, अशी वाटणी झाली की दोघांचं हित तंतोतंत जुळत नाही आणि त्या न जुळण्याची किंमत धन्याला मोजावी लागते, असा त्याचा गाभा. सांगलीत हे समजायला मार्केट यार्डात गेलं तरी पुरे. हळदीच्या अडत दुकानात एखादा जुना माणूस असतो, हळकुंड मोडून आतला रंग बघितला आणि मोडतानाचा आवाज ऐकला की माल कसा आहे ते सांगणारा. पगाराचं मात्र दिवाणजी बघतो. दिवाणजीच्या वहीत हळकुंड ओळखण्याचा रकानाच नसतो, तिथं फक्त पगार, उचल आणि हजेरी. तो माणूस दोन हजार जास्त मागून निघून गेला तर वहीत बचत दिसते. चुकीचा माल चढ्या भावानं घेतल्याचं नुकसान येतं ते दुसऱ्या वहीत, तेही पुढच्या सीझनला. डीओएफच्या हातात आहे ती अशीच पहिली वही.

बोर्डाचं गणित आणखी वेगळं. बोर्ड कोणत्या पदावर किती माणसं आणि त्यांना जास्तीत जास्त किती पगार याच्या मर्यादा घालतं. या मर्यादा क्लबची कुवत, श्रेणी, मागच्या वर्षीचा जमाखर्च यावरून येतात. क्लब झपाट्यानं वर गेला की मैदानावरची गरज आधी वाढते आणि मर्यादा मागून येतात. म्हणून सगळ्यात जास्त माणसं गमावतात ते नुकतेच वर चढलेले क्लब. हरणाऱ्या क्लबाची माणसं कोणी मागत नाही. याच काळात खेळणाऱ्याला वाटतं की आपण एवढं जिंकून देतोय आणि बोर्ड फिजिओला शंभर पौंड वाढवायला तयार नाही. त्याचं वाटणं मी खोटं म्हणणार नाही. पण त्या घडीला बोर्डाची मर्यादा कालच्या क्लबाची असते आणि फिजिओची मागणी उद्याच्या.

करार न होण्यामागं त्या माणसाचीही बाजू असते, आणि खेळणारे ती सर्रास विसरतात. कोचला स्वतःचं मन आहे असं गेम धरून चालतो. एडिटरमध्ये प्रत्येक माणसाच्या नावापुढं वेगवेगळ्या पदांसाठी आकडे असतात, म्हणजे कोणाचा कल मॅनेजर होण्याकडं, कोणाचा कोच म्हणून राहण्याकडं. ज्याची महत्त्वाकांक्षा मोठी आणि निष्ठा कमी, तो तुमच्या क्लबात सुखी असला तरी मोठ्या पदाचं बोलावणं आलं की जाणार. तुम्हाला दिसतं की पगार वाढवून दिला तरी गेला. त्याच्या मनात पगार नव्हताच. याचीच दुसरी बाजू म्हणजे बेकार बसलेला नावाजलेला कोच छोट्या क्लबाला नकार देतो. महिनोन्महिने घरी बसेल, पण येणार नाही. बाहेरून हे अतर्क्य दिसतं. पण आपल्या आसपास मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या किती जणांनी तालुक्याच्या गावातली साधी नोकरी धरली ते आठवा. या एका बाबतीत गेम माणसाच्या फार जवळ गेलाय असं माझं मत आहे.

सगळ्यात कमी लक्ष जातं ते वेळेकडं. युरोपातल्या बहुतेक करारांची मुदत ३० जूनला संपते. एकाच तारखेला आठ दहा माणसांच्या फाइली येतात. खरा फुटबॉलही इथं गर्दीचाच असतो. फिफाच्या नियमांप्रमाणं खेळाडूचा करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा, आणि शेवटच्या सहा महिन्यांत त्याला दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करून ठेवता येतो. कोचच्या नोकरीसाठी मात्र फिफाच्या नियमावलीत वेगळी कलमं लागू झाली ती थेट १ जानेवारी २०२१ पासून. म्हणजे खऱ्या जगातसुद्धा खेळाडूच्या कराराकडं आधी बघितलं गेलं आणि कोचच्या कराराकडं फार उशिरा. गेममध्ये खेळाडूंच्या बाजारावर एवढी मेहनत आणि स्टाफच्या बाजारावर त्यामानानं कमी, हे चित्र काही आकाशातून पडलेलं नाही.

वेळेचा दुसरा भाग जास्त त्रासदायक आहे. चुकीचा निर्णय आज होतो आणि त्याचं फळ फार उशिरा दिसतं. हेड ऑफ यूथ डेव्हलपमेंटचं उदाहरण घ्या. क्लबाच्या अकादमीत दरवर्षी पंधरा सोळा वर्षांच्या पोरांची एक तुकडी येते, इंग्लंडमध्ये साधारण मार्चच्या सुमारास. त्या पोरांचा स्वभाव कसा असेल, मेहनती की आळशी, यावर या पदावरच्या माणसाच्या स्वभावाचा प्रभाव पडतो. समजा जूनमध्ये त्याचा करार संपला आणि डीओएफनं घाईघाईत कोणीतरी उभा केला. जुलै, ऑगस्ट, डिसेंबर, काहीच बिघडलेलं दिसत नाही. सामने जिंकताय. मार्चमध्ये तुकडी आली आणि पोरांच्या पायात कला आहे पण जिद्द कोणातच नाही. त्यांचं नुकसान कळायला आणखी दोन तीन वर्षं जाणार. तोपर्यंत जूनमधला तो छोटासा निर्णय कोणाच्या लक्षातही नसतो. फिजिओचंही असंच. दुखापती वाढल्या की आपण सरावाचा ताण बघतो, मैदान बघतो, नशिबाला बोल लावतो. फिजिओ कधी बदलला ते कोणी बघत नाही.

मग बनवणारे हे सुधारत का नाहीत? कॉम्प्युटरनं दोन्ही वह्या एकत्र मांडून सगळा हिशोब का करू नये?

पहिलं कारण वेळेचं. तुम्ही पुढं जाण्याचं बटण दाबता तेव्हा तुमचा एकटा क्लब हलत नाही. शेकडो क्लबांतले हजारो लोक त्या एका दिवसात काहीतरी करत असतात. प्रत्येक कोचसाठी जगातल्या सगळ्या पर्यायांची तुलना करायची, तीन वर्षांचा खर्च मांडायचा, अकादमीवरचा परिणाम मोजायचा म्हटलं तर एक दिवस पुढं जायला जीव मेटाकुटीला येईल. म्हणून असे गेम बनवणारे अंदाजाचे सोपे नियम वापरतात. हर्बर्ट सायमन या अमेरिकन अभ्यासकानं १९५० च्या दशकातच सांगितलं होतं की माणूससुद्धा सगळे पर्याय तोलून सर्वोत्तम निवडत नाही. तो एक किमान पातळी ठरवतो आणि तिच्यावर बसणारा पहिला पर्याय घेऊन थांबतो. सायमन यांना १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या छोट्या डायरेक्टरचा १०० क्षमतेचा नियम हा तंतोतंत असाच आहे. १०८ वाला बसला, थांबला. त्याच पैशात १३० वाला मिळतोय का, हे बघायला तो पुढं गेलाच नाही.

दुसरं कारण खेळाच्या मजेचं. कॉम्प्युटरच्या क्लबांनी प्रत्येक हुशार कोच हेरून पाच पाच वर्षं बांधून ठेवला, तर तुम्हाला शोधायला काय उरणार? जुलैच्या पहिल्या आठवड्यात रिकाम्या झालेल्या माणसांची यादी उघडून त्यात १७ गुणांचा कोच सापडण्याचा आनंद दुसऱ्या कोणाच्या तरी चुकीतूनच येतो. हे कारण मला अर्धं पटतं. दुसऱ्या क्लबानं चुका कराव्यात, ठीक. पण माझ्याच क्लबात, माझ्या नावानं निर्णय होत असेल तर त्यामागचं कारण मला दिसलं पाहिजे. "असिस्टंटची मागणी बोर्डाच्या मर्यादेपेक्षा २०० पौंडांनी जास्त होती म्हणून करार झाला नाही" एवढी एक ओळ निरोपात असती तर निम्मी चिडचिड संपली असती. कारण न सांगता केलेला बरोबर निर्णयसुद्धा समोरच्याला लहरी वाटतो.

तिसरं कारण कमी बोललं जातं. खेळाडूचा गुण चुकला तर हजारो लोक सामना बघून सांगू शकतात की याचा वेग १५ नाही, १२ आहे. फिजिओ किंवा स्काउट किती चांगला हे बाहेरच्या माणसाला दिसणार कसं? त्याचं काम कॅमेऱ्यासमोर होत नाही. त्यामुळं स्टाफच्या बाबतीत नाव आणि पूर्वीच्या नोकऱ्या यांच्यावर जास्त विसंबावं लागतं, गेममध्येही आणि खऱ्या क्लबांतही.

आता प्रत्येक विचित्र निर्णय नियमाचाच असतो असंही नाही. खरोखरचे बग, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकाही असतात. दोन्हीत फरक कसा करायचा? करार संपण्याच्या आठ महिने आधी सेव्ह फाइलची एक प्रत वेगळी ठेवा. त्या प्रतीत फक्त एकच गोष्ट बदला, म्हणजे स्टाफचे करार डीओएफकडून काढून स्वतःकडं घ्या, आणि त्याच माणसाशी बोलून बघा. तो लगेच मान्य झाला तर अडचण डीओएफच्या निवडीत होती. तो जास्त पगार मागतोय आणि आकडा पुढं सरकतच नाही, तर बोर्डाची मर्यादा. तो बोलायलाच तयार नाही, तर त्याचा स्वतःचा कल किंवा प्रतिष्ठा. आणि करार झाल्याचा निरोप आला, सही झाली, तरी ३० जूनला माणूस गायब झाला, तर तो बग. तेव्हा मात्र ती प्रत जपून ठेवून बनवणाऱ्यांना कळवावं. "गेम बिनडोक आहे" या तक्रारीवर कोणाला काही करता येत नाही, पण हाताशी सेव्ह फाइल असली तर दोष सापडतो.

विश्रामबागेतल्या त्या पोराला मी जे सांगितलं ते इथं लिहून ठेवतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. नव्या क्लबात गेलात की पहिला सामना खेळण्याआधी जबाबदाऱ्यांचा पडदा उघडा आणि स्टाफचे करार स्वतःकडं घ्या. भरतीसाठी नावं सुचवण्याचं काम डीओएफकडं राहिलं तरी चालेल, सही तुमची हवी. डिसेंबर संपता संपता स्टाफची यादी करार संपण्याच्या तारखेप्रमाणं लावा. त्यात आधी हेड ऑफ यूथ डेव्हलपमेंट, मग फिजिओ, मग एकाच विषयात १५ च्या वर असलेले कोच. या लोकांचं एकूण नाव किती मोठं ते बघू नका, त्यांच्या पदाला लागणारा गुण बघा. स्काउटच्या बाबतीत कुवत ओळखण्याचे दोन गुण सोडून बाकीच्यात फारसा वेळ घालवू नये असं माझं मत.

बोर्डाची मर्यादा आड येत असेल तर हंगाम चांगला चाललेला असतानाच बोर्डाकडं मागणी करा, हरल्यावर नको. आणि एखादा कोच नावारूपाला येतोय असं दिसलं तर त्याच्या कराराला वर्ष दीड वर्ष बाकी असतानाच बोलणी काढा. क्लब दोनदा वरच्या श्रेणीत गेल्यावर तो १,४०० मागणार असेल, तर पहिल्यांदा वर गेल्यावर कदाचित ९५० वर तयार होता.

कराराच्या लांबीचं मात्र उलटं धोरण ठेवा. परस्पर संमतीनं करार मोडायचा झाला तर भरपाई द्यावी लागते आणि उरलेला काळ जितका जास्त तितकी ती फुगते. आपल्या उदाहरणातल्या ६१ वर्षांच्या कोचला आठवड्याला १,१०० पौंडांनी तीन वर्षं म्हणजे एकूण १,७१,६०० पौंडांची बांधिलकी झाली. पहिल्याच वर्षी त्याचा उपयोग नाही असं लक्षात आलं, तर बोलणी याच आकड्याच्या सावलीत होणार. तिशीतल्या तज्ज्ञाला तीन चार वर्षं द्यायला हरकत नाही, साठीच्या माणसाला एका वेळी एकच वर्ष. आणि नुकतंच दुसऱ्याकडून क्लब हाती घेतला असेल, तर आधीच्या मॅनेजरनं नेमलेल्या माणसांपैकी कोणाचे करार किती लांब आहेत हे बघितल्याशिवाय नव्या कोणाला बोलावू नका. जागांची संख्या बोर्डानं बांधलेली असते, आणि एका सुमार कोचची उरलेली अडीच वर्षं तुमच्या हव्या असलेल्या माणसाची खुर्ची अडवून बसतात.